पायाखालची जमीन

"या वेळी लसीकरणावर नको, बालदम्यावर नको, मुलांच्या मोबाइलवेडावर तर नकोच नको; काहीतरी हलकेफुलके लिहा," असे फर्मान आपल्या स्मरणिकेच्या संपादक मित्रांनी काढले. गेली अनेक वर्षे याच पानांवर मी वाचकांना जुलाब आणि कावीळ यांखेरीज काही दिलेले नाही, हे मला मान्य आहे. तेव्हा आठवू लागलो, की आपल्या आयुष्यात हलके असे काय घडले? उत्तर सापडले. डिसेंबर २०२३ मधील एका दुपारी, खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात, जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर मी काही क्षण अक्षरशः हलका झालो होतो. त्या दिवसाची ही हकिकत. मात्र लिहिता लिहिता लक्षात आले, की ती वाटली तितकी हलकीफुलकी नाही. संपादकांनी क्षमा करावी.

निपाणीतील आमच्या लहानशा बालरुग्णालयाला त्या वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण झाली. माझ्या डोक्यात नेहमीचा कार्यक्रम होता: सत्यनारायण, शाल-श्रीफळ, एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांचे दोन शब्द आणि जेवण. मी तो मोठ्या उत्साहाने कर्मचाऱ्यांसमोर मांडला. सगळे गप्प. अखेर औषधांच्या दुकानातला आमचा तरुण म्हणाला, "सर, जेवण तर दर दिवाळीला असतंच. आम्हाला एकदा रोलर कोस्टरमध्ये बसायचंय." पाठोपाठ परिचारिकांनी माना डोलावल्या. वॉर्डातल्या मावशींनी तर पदर खोचला. मावशींचे अर्धे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले, उरलेले आमच्या वॉर्डात. त्यांची झुल्याची कल्पना आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथांच्या यात्रेतल्या पाळण्यापाशी थांबलेली. पण उत्साह सर्वांत मोठा.

कुठे जायचे, यावर सीमाभागाला शोभेल असा वाद झाला. बंगळूरजवळचे वंडरला २००५ पासून आहे, पण ती आपली राजधानी असली तरी निपाणीहून साडेपाचशे किलोमीटरहून लांब. खोपोली साडेतीनशेच्या आसपास. राजधानी एका दिशेला आणि सोय दुसऱ्या दिशेला, हा आपला जुनाच अनुभव. दोन दिवस नवीन रुग्ण दाखल करून घेणे थांबवले, तातडीच्या रुग्णांची जबाबदारी गावातल्या स्नेही डॉक्टरांनी आनंदाने घेतली, आणि रात्री नऊला आमची बस निघाली.

कोगनोळीचा नाका ओलांडताना बसमधला गोंगाट क्षणभर थांबला. २०२१ मध्ये याच ठिकाणी राज्यात येणाऱ्या प्रत्येकाकडे आरटीपीसीआरचा दाखला मागितला जाई. आमच्या हेडसिस्टर कागलच्या. त्या दिवसांत हातात कागद घेऊन त्या रोज ड्यूटीवर येत, आणि एकही दिवस चुकल्या नाहीत. त्या काळात आम्ही सर्वांनी मिळून काय काय पाहिले, ते इथे लिहीत नाही. खिडकीतून नाक्याकडे पाहत त्या एवढेच म्हणाल्या, "सर, आज कागद नाही हो माझ्याकडे." सगळे हसले आणि अंताक्षरी पुन्हा सुरू झाली. मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी चालतील, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

आता थोडे शास्त्र, कारण ते टाळणे वैद्यांच्या स्मरणिकेत बरे दिसणार नाही.

या खेळाचे मूळ रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाडे उभारून त्यांवर बर्फ गोठवीत आणि उंचावरून घसरत. ही कल्पना फ्रान्समध्ये गेली, आणि १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या उतारावरून धावू लागल्या. पुढे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने आपली रेल्वे सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर आणि तिकीट पाच सेंट. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा मी एमबीबीएसला होतो. परीक्षा झाली की जाऊ, असे ठरवले होते. पुढे परीक्षा संपल्याच नाहीत, आणि जायचे राहिले ते राहिलेच.

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. तेथील सर्वांत मोठा झुला म्हणजे नायट्रो. तो बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवला आहे. त्याची उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी. या गाडीला इंजिन नसते. एक साखळी तिला कण्हत-कुथत माथ्यावर नेऊन सोडते आणि पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. अकरावीतले सूत्र ज्यांना आठवते त्यांनी गणित करून पाहावे: ४० मीटरवरून खाली येणारी वस्तू तळाशी सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग गाठते. वाटेत ही गाडी माणसाला पाच वेळा उलटे करते.

उलटे होऊनही मान जागेवर का राहते, याची गोष्ट मोठी रंजक आहे. १८९५ च्या सुमारास कोनी आयलंडवर पहिली फेरे मारणारी गाडी आली, तेव्हा तिचा फेरा पूर्ण गोल होता. गाडी त्या गोलात शिरताच शरीरावर एकाएकी प्रचंड भार येई आणि लोकांच्या माना दुखावत. ती लवकरच बंद पडली. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अँटन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा फेरा यशस्वी केला. तळाशी वक्रता कमी, माथ्यावर जास्त. त्यामुळे भार हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. शरीराला धक्का सोसतो, पण तो कळवून यावा लागतो. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

डॉक्टरांनीही या झुल्यांचा पिच्छा सोडलेला नाही. जर्मनीतील हृदयरोगतज्ज्ञांनी ५५ निरोगी माणसांना ईसीजीची यंत्रे बांधून रोलर कोस्टरमध्ये बसवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हृदयाचे ठोके सरासरी ९० च्या आसपासून १५० च्या पुढे गेले. हृदयविकार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, हा त्यांचा सल्ला. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड वार्टिंजर यांच्या काही रुग्णांचे मूतखडे म्हणे अशा सफरीनंतर पडले. त्यांनी मूत्रपिंडाची हुबेहूब प्रतिकृती केली, तीत खडे भरले आणि ती पिशवीत घालून डिस्नेच्या एका मध्यम वेगाच्या, उलटी न होणाऱ्या गाडीतून वारंवार फिरवली. मागच्या आसनावर सुमारे ६४ टक्के वेळा खडा सरकला, पुढच्या आसनावर १७ टक्के. या कामाला २०१८ चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. हे मी बसमध्ये सांगितल्यावर आमच्या औषधवाल्या तरुणाने, ज्याला दोनदा खडा होऊन गेला आहे, मागचे आसन तिथल्या तिथे आरक्षित केले.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम नेदरलँड्समधील रीटवेल्ड आणि व्हान बेस्ट यांचे. त्यांनी तीव्र दमा असलेल्या तरुणींना रोलर कोस्टरमध्ये बसवले. बसण्यापूर्वी धास्तीने धाप जास्त वाटत होती. उतरल्यावर, आनंदाच्या भरात, ती कमी वाटली; प्रत्यक्षात मात्र फुप्फुसांची क्षमता घटलेली होती. २०१० मध्ये त्यांनाही इग नोबेल मिळाले. पालकांनी यातून एवढेच घ्यावे, की दम्याचे मूल हसते-खेळते आहे म्हणजे त्याच्या श्वासनलिका मोकळ्या आहेत असे नव्हे. आणि आपण डॉक्टरांनी हे घ्यावे, की माणूस चेहऱ्यावर जे दाखवतो आणि आत जे चाललेले असते, त्यांत अंतर असू शकते. बसमध्ये हे सगळे मीच सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीच ते विसरलो.

सकाळी दार उघडण्यापूर्वीच आम्ही हजर होतो. लहानसहान झुले झाले. अकराच्या सुमारास नायट्रोच्या रांगेत उभे राहिलो. प्रवेशापाशी उंची मोजायची पट्टी होती. एक सडपातळ मुलगा टाचा उचलून ती गाठण्याची खटपट करीत होता. नकळत माझ्या डोळ्यांसमोर त्याचा वाढीचा आलेख आला. पालक हुज्जत घालत होते. ही अट कुणाला हिणवण्यासाठी नसते. खांद्यावरून येणारे जाड कवच लहान शरीराला नीट धरू शकत नाही, म्हणून ती असते. शेजारीच सूचनांचा फलक होता: हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे व पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भावस्था. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा हट्ट पुरवू नये, कारण त्यांतील काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात.

आमच्या स्वागतकक्षात बसणारी मुलगी त्या फलकापाशी थबकली. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लागलेली, हिशेबाला चोख, कमी बोलणारी. हळूच म्हणाली, "सर, मी नाही बसत. मी सगळ्यांच्या बॅगा सांभाळते."

आणि मी, तिचा मालक, वयाने वडिलांसारखा, एमडी, सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "अगं, एवढं काय घाबरायचं? मी छप्पन्न वर्षांचा बसतोय. काही होत नाही! चल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "चल गं, चल!" हेडसिस्टरांनी तिचा हात धरला. तिचा चेहरा पांढरा पडला. ती ओढली गेल्यासारखी दोन पावले पुढे आली. सरांना नाही कसे म्हणायचे, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते, आणि रोज दीडशे मुलांचे चेहरे वाचणाऱ्या मला ते दिसले नाही.

मावशींनी मला कोपराला धरून बाजूला घेतले. पंचवीस वर्षांत त्यांनी मला असे कधी धरले नव्हते. आवाज अगदी खाली. "डॉक्टर, तिला बसा म्हनू नगासा. दोन म्हैनं झाल्यात पोरीला. आदी दोनदा पडलंय. घरात बी अजून कुनाला सांगितलं न्हाई."

गर्भपाताची दोन दुःखे या मुलीने आमच्या डोळ्यांदेखत सोसली होती. तापाची रजा, पाठदुखीची रजा, एवढेच आमच्या नोंदवहीत होते. या वेळी ती आली ती, आली नाही तर सर कारण विचारतील म्हणून. अशा झुल्यावर गर्भवतीला नेमका किती धोका, याचे प्रयोग कोणी करीत नाही आणि करूही नयेत. एकाएकी येणारा भार आणि पोटावरचा दाब टाळावा, हेच शहाणपण. पण क्षणभर धरू, की धोका काहीच नव्हता. ती बसली असती आणि पुढे महिनाभरात काही विपरीत झाले असते, तर कारण काहीही असो, तिने आयुष्यभर तो दिवस आठवला असता. मीही.

मी परत गेलो आणि म्हणालो, "सिस्टर, सोडा तिला. नको म्हणते आहे ना? मग नको." कारण विचारले नाही, सांगितले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मला कळले आहे हे तिला कळले. तिने बॅगा उचलल्या आणि ती सावलीत जाऊन बसली. मावशीही, "माझं गुडघं दुखाय लागलं," असे म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. रात्रभर बसमध्ये नाचलेले ते गुडघे मला ठाऊक होते. झुल्याची सर्वांत जास्त हौस ज्यांना होती, त्याच खाली राहिल्या.

आम्ही बसलो. एका ओळीत चौघे. कवच खांद्यांवर उतरले. तेथील तरुण कर्मचाऱ्याने ते ओढून पाहिले आणि माझा चेहरा पाहून आपुलकीने म्हणाला, "काही होत नाही, काका!"

पंचवीस वर्षे हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारले आहे. सुई दंडाशी नेताना, घशात चमचा घालताना, सलाइन लावताना. 'काही होत नाही, बाळा. मुंगी चावते फक्त.' ते ऐकणाऱ्या बाजूला मी प्रथमच होतो. आणि सांगतो, त्याने काडीचाही धीर आला नाही. उलट वाटले, याला माझी भीती दिसते आहे, पण ती ऐकायची नाही. तेवढ्यात पायाखालची फळी सरकली. हा अलंकार नव्हे. या प्रकारच्या गाडीत निघण्यापूर्वी फलाटाची जमीन खरोखरच बाजूला होते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. शेजारी हेडसिस्टरांनी डोळे मिटून "यल्लम्मा तायी" असा धावा सुरू केला.

वर चढताना सह्याद्रीच्या रांगा दिसल्या, एवढे आठवते. मग माथा, आणि मग काहीच नाही. पोट वर राहिले आणि मी खाली गेलो. कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव एक सांगत होता, डोळे दुसरे. शरीरक्रियाशास्त्राचा तो सगळा धडा दीड-दोन मिनिटांत उलटसुलट करून झाला. मी किंचाळलो. अगदी लाज सोडून, आमच्या वॉर्डातल्या तीन वर्षांच्या मुलासारखा. शेजारी हेडसिस्टरही किंचाळत होत्या, आणि त्या किंचाळण्यातच कधीतरी त्या रडू लागल्या. गाडी थांबली तरी थांबेनात. मी घाबरलो. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "काही नाही सर. दोन हजार एकवीसपासून राहिलं होतं." त्यावर मी काही बोललो नाही.

औषधवाल्या तरुणाचा खडा पडला नाही. त्या वेळी पोटात खडा नव्हताच, हे त्याला नंतर सोनोग्राफीत कळले. दुपारी सर्वांनी आणखी दोनदा फेरी मारली. मी खाली बॅगांपाशी बसलो आणि मावशींना बळेच नायट्रोवर पाठवले. त्या परत आल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "जत्रंतला पाळना म्हंजी ह्येच्या म्होरं घरातला झोपाळाच की!" बॅगांपाशी ती मुलगी आणि मी, दोघेच होतो त्या वेळात. मी तिची माफी मागितली. एवढेच म्हणालो, "मी सगळ्यांसमोर तसं म्हणायला नको होतं." ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत होतं सर?" हे खरे होते, आणि तेच मला सलत होते. माहीत नव्हते तर विचारायला हवे होते. आणि विचारता येत नसेल, तर नुसते 'नको' तेवढ्यावर थांबायला हवे होते. 'नको'ला कारणाचा दाखला जोडावा लागू नये.

परत आल्यावर आम्ही रुग्णालयात दोन बदल केले. कर्मचाऱ्यांच्या रजेच्या अर्जातून कारणाचा रकाना काढून टाकला. गैरफायदा घेतील, असे काही मित्रांनी बजावले होते. आजवर रजा वाढलेल्या नाहीत. दुसरा बदल माझा स्वतःचा. मुलांना टोचताना मी आता 'काही होत नाही' असे म्हणत नाही. "टोचेल. तीन आकडे मोजू, तोवर दुखेल, मग थांबेल. रडलास तरी चालेल," असे सांगतो. बाळांना आईच्या कुशीत, अंगावर पाजत असतानाच टोचतो. त्याने वेदना कमी होते हे अभ्यासांनी दाखवलेलेच आहे, मीच घाईत ते टाळत होतो. मुले रडतात, पूर्वीसारखीच. फरक एवढाच, की पुढच्या वेळी दारातच भोकाड पसरणारी मुले कमी झाली आहेत, असे आमच्या परिचारिकांना वाटते आणि मलाही. त्या अभियंत्यांचा थेंबाचा आकार हेच तर सांगतो: धक्का द्यायचाच असेल, तर तो कळवून द्या.

जुलै २०२४ मध्ये त्या मुलीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, वजन २ किलो ८०० ग्रॅम. हे सारे मी तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहीत आहे. दीड महिन्याची झाल्यावर ती बाळाला लसीसाठी घेऊन आली. स्वतः रोज शेकडो आयांना टेबलापलीकडून धीर देणारी, आज अलीकडच्या बाजूला. मावशी मागे उभ्या होत्याच. बाळाला छातीशी धरून तिने विचारले, "सर, दुखेल का हो हिला?"

"हो," मी म्हणालो. "थोडं दुखेल. धर तिला."